पोटाच्या ऑपरेशनची सत्तर वर्षं: बायपास, बँड, स्लीव्ह आणि आपण

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा. घरात कुणी वजनाच्या ऑपरेशनचा विचार करत असेल तर त्यांना पाठवा.)

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दहा वर्षांपूर्वी फ्लेक्स लागायचे ते वाढदिवसाचे आणि क्लासेसचे. आता बसस्टँडसमोर ‘लठ्ठपणा निवारण मोफत तपासणी शिबिर’ असा फ्लेक्स असतो. एका बाजूला जाड माणूस, दुसऱ्या बाजूला तोच बारीक झालेला, मध्ये बाण. पुण्या-मुंबईचे किंवा जवळच्या मोठ्या शहरातले सर्जन महिन्यातून एकदा येतात, बसतात, जातात. यात वाईट काही नाही, उलट सोय झाली. पण शिबिरातून बाहेर पडलेला माणूस हमखास एक प्रश्न घेऊन येतो, आणि पत्रकाराला सगळं माहीत असतं असा गैरसमज असल्यामुळे तो प्रश्न माझ्याकडे येतो. “भाऊ, बायपास करू का स्लीव्ह? एक डॉक्टर हे म्हणतात, दुसरे ते.”

मी डॉक्टर नाही. कुणाला काय करावं हे मी सांगणार नाही. पण या ऑपरेशनांचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो. गेल्या सत्तर वर्षांत जे जे ऑपरेशन आलं, ते आपापल्या काळात ‘आता हेच सर्वांत चांगलं’ म्हणून आलं. त्यातली बरीचशी पुढे बंद पडली. ती बंद पडली ती वजन उतरलं नाही म्हणून नाही, वजन तर उतरलंच होतं. पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षी त्या माणसांचं काय झालं हे कुणीतरी चिकाटीने मोजलं, म्हणून ती बंद पडली.

सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटापासून करू. १९५४ साली तिथल्या विद्यापीठातले क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या तिघांनी कुत्र्यांच्या लहान आतड्यावर केलेले प्रयोग छापले. आतड्याचा कोणता भाग काढला तर अन्नातलं काय शोषलं जात नाही, हा अभ्यास होता. त्यातूनच एक विचार निघाला की माणसाचं आतडंच तोकडं केलं तर? खाल्लेलं अंगी लागणारच नाही.

कल्पना सरळ होती आणि अंमलबजावणी भयंकर. लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड यांनी १९५६ पासून काही रुग्णांचं लहान आतडं वरच्या टोकाजवळून थेट मोठ्या आतड्यालाच जोडलं. जुलाब इतके व्हायला लागले, अंगातले क्षार इतके घसरले की ते ऑपरेशन उलटं फिरवावं लागलं. मग त्यांनी १९६९ मध्ये सुधारित माप दिलं. लहान आतड्याचा सुरुवातीचा १४ इंच भाग शेवटच्या ४ इंचांना जोडायचा, मधलं सगळं बाजूला ठेवायचं. हिशोब करा. माणसाचं लहान आतडं साधारण वीस फूट लांब, त्यातलं दीड फूट कामावर.

याला म्हणायचे जेजुनोइलियल बायपास. जठराला यात हातसुद्धा लावत नव्हते. माणूस पूर्वीसारखंच खायचा आणि तरी वजन झपाझप उतरायचं. साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकात हे अमेरिकेत हजारोंनी झालं. वजनाच्या दृष्टीने ऑपरेशन यशस्वी! पुढच्या काही वर्षांत मुतखडे सुरू झाले (न शोषलेल्या चरबीमुळे अन्नातलं ऑक्झलेट जास्त प्रमाणात शरीरात जातं आणि मूत्रपिंडात साचतं), सांधे धरायला लागले, रातांधळेपणा आला, हाडं ठिसूळ झाली. सगळ्यात वाईट म्हणजे काहींचं लिव्हर निकामी झालं. दारूचा थेंब न घेणाऱ्यांचं लिव्हर दारुड्यासारखं. बाजूला ठेवलेलं ते अठरा फूट आतडं काही झोपून राहत नव्हतं. त्यात जंतू वाढायचे, त्यांची विषं अंगात जायची. ऐंशीच्या दशकात हे ऑपरेशन जवळपास बंद झालं, आणि आधी झालेल्या कित्येकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली.

दरम्यान आयोवामध्ये एक वेगळ्या स्वभावाचा सर्जन काम करत होता. एडवर्ड मेसन. जठराच्या अल्सरसाठी त्या काळी जठराचा मोठा भाग कापून टाकत. असं ऑपरेशन झालेल्या बायका नंतर सडपातळ राहतात, वजन वाढव म्हटलं तरी वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. अल्सरमध्ये जो त्रास, तो लठ्ठपणात उपयोगाचा ठरला तर? १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला आणि १९६७ मध्ये तो छापला. जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करायचा आणि त्याला लहान आतड्याचा एक वेढा वर आणून जोडायचा. अन्न त्या छोट्या पिशवीतून थेट आतड्यात जातं, बाकीचं जठर जागेवरच पण रिकामं.

या पहिल्या पद्धतीत एक खोट होती. आतड्याचा वेढा तसाच वर आणल्यामुळे पित्त त्या पिशवीत उलटं यायचं. १९७७ मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफेन यांनी ती काढली. त्यांनी आतडं इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात जोडलं, म्हणजे एका फांदीतून अन्न, दुसरीतून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस, आणि दोघांची भेट खाली. जोडणीची ही पद्धत स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांची, तीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली. म्हणून आजही डॉक्टर ‘रू-एन-वाय’ म्हणतात. आज साधा ‘बायपास’ म्हटला की बहुतेक वेळा हा. हृदयाच्या बायपासशी याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण गावात हा घोटाळा अजून होतो.

मेसन यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. स्वतःच शोधलेलं ऑपरेशन चालत असतानाही त्यांना ते फार गुंतागुंतीचं वाटत होतं. आतड्यांना हात न लावता काम व्हावं म्हणून ते शोधत राहिले. १९८० मध्ये त्यांनी नवीन पद्धत काढली. जठराला स्टेपलरने उभ्या पिना मारून वर एक छोटी नळी करायची आणि तिच्या तोंडाशी न ताणणारी पट्टी बसवायची. आतडी जिथल्या तिथे, जीवनसत्त्वांची फार चिंता नाही. ऐंशीच्या दशकात ही पद्धत, व्हर्टिकल बँडेड गॅस्ट्रोप्लास्टी, जोरात चालली.

मग काय झालं? पिना सुटायला लागल्या. आणि माणसं हुशार असतात. भाकरी-चपाती, मांस त्या अरुंद तोंडातून जाताना अडकायचं, उलटी व्हायची. पण आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट विरघळून आरामात जायचं. १९८७ मध्ये व्हर्जिनियाच्या शुगरमन यांनी बायपास आणि ही पद्धत यांची थेट तुलना छापली. बायपासवाल्यांचं वजन स्पष्टपणे जास्त उतरलं होतं, आणि गोडखाऊ माणसांत फरक तर फारच मोठा होता. बायपासनंतर गोड खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, पोट बिघडतं. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. त्या धाकाने गोड सुटतं. स्टेपलवाल्यांना हा धाक नव्हता.

मेसन यांनी आणखी एक काम केलं, ज्याची बातमी कधी झाली नाही. १९८६ मध्ये आयोवात त्यांनी या ऑपरेशनांची नोंदवही सुरू केली. कुणाचं, कुठलं ऑपरेशन, पुढे काय झालं, हे नोंदवायचं आणि रुग्णाला जन्मभर बोलवत राहायचं असा त्यांचा आग्रह. शंभरी पूर्ण करून ते २०२० च्या डिसेंबरमध्ये गेले.

त्याच काळात, १९८७ पासून, स्वीडनमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन केलेले २,०१० लोक आणि न केलेले साधारण तेवढेच, २,०३७, अशा दोन गटांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. २००७ मध्ये निष्कर्ष आला की ऑपरेशन केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण साधारण २९ टक्क्यांनी कमी. लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणजे नुसता शौक नाही, जीव वाचवणारं असू शकतं, हे इतक्या ठामपणे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. यातले बहुतेक लोक मेसन यांच्या स्टेपलवाल्या पद्धतीचे होते, म्हणजे आज जी कुणी करत नाही. दहा वर्षांनंतरची वजनाची घट पाहा. बायपासवाल्यांची २५ टक्के, स्टेपलवाल्यांची १६, बँडवाल्यांची १४.

आता हा बँड काय ते सांगतो, कारण इथून गोष्ट आपल्या फ्लेक्सच्या जवळ येते.

न्यू जर्सीमधले मूळ युक्रेनचे सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये सिलिकॉनचा फुगवता येणारा पट्टा जठराच्या वरच्या भागाभोवती बसवला. कातडीखाली एक छोटं बटण, त्यातून सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल. कापाकापी नाही, आतड्याला हात नाही, नको असेल तेव्हा काढता येतो. १९९३ मध्ये बेल्जियमला तो दुर्बिणीतून बसवला. (त्याच सुमारास, १९९३-९४ मध्ये, अमेरिकेत विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी पूर्ण बायपासही दुर्बिणीतून करून दाखवला. पोटावर वीतभर चिरा न देता पाच-सहा छिद्रांत काम व्हायला लागलं आणि या धंद्याचं रूपच पालटलं. माणूस तिसऱ्या दिवशी घरी. लोकांची भीती गेली आणि मागणी वाढली.)

जून २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बँडला परवानगी दिली. इथे पहिल्यांदा असं झालं की ऑपरेशनमागे एक वस्तू होती आणि वस्तूमागे कंपनी. टाके पद्धतीची जाहिरात कोण करणार? पट्ट्याची करता येते. दक्षिण कॅलिफोर्नियात हायवेच्या कडेला मोठमोठे बोर्ड लागले, बसवर, रेडिओवर जाहिराती. डिसेंबर २०११ मध्ये त्याच प्रशासनाने या जाहिराती करणाऱ्यांना आणि काही सर्जरी सेंटर्सना लेखी ताकीद दिली की धोक्यांची माहिती तुम्ही नीट देत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच प्रशासनाने हा पट्टा आणखी कमी वजनाच्या लोकांनाही बसवायला परवानगी दिली होती.

त्याच २०११ मध्ये ब्रसेल्सच्या हिम्पेन्स यांचा अभ्यास आला. बारा वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी बँड बसवलेले १५१ रुग्ण त्यांनी शोधले. सापडले ८२. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा पट्टा काढावा लागला होता, दहातल्या सहा जणांचं पुन्हा काही ना काही ऑपरेशन झालं होतं. पट्टा घसरतो, जठराच्या भिंतीत रुततो, वरची पिशवी फुगते. आणि न सापडलेले ६९ जण कसे आहेत ते कुणालाच माहीत नाही! ‘मोजणं’ का म्हणतो ते या आकड्यावरून कळेल. अमेरिकेत २०११ मध्ये वजनाच्या ऑपरेशनांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँड होते. २०१९ पर्यंत ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

ती जागा कुणी घेतली? स्लीव्हने. आणि स्लीव्हची जन्मकथा मला सगळ्यात रंजक वाटते, कारण हे ऑपरेशन म्हणून कुणी शोधलंच नव्हतं.

इटलीत जिनोआच्या स्कोपिनारो यांनी सत्तरच्या दशकात एक जालीम पद्धत आणली होती, जठर लहान आणि आतड्याचाही मोठा भाग वगळायचा. १९८८ च्या सुमारास अमेरिकेत हेस यांनी ती सुधारून ‘ड्युओडिनल स्विच’ केली. त्यात जठर उभं कापून शर्टाच्या बाहीसारखी नळी करायची, आणि मग आतड्यांची जोडणी. वजन सगळ्यात जास्त उतरतं ते यात, आणि पोषणाचे हालही सगळ्यात जास्त होतात ते यातच. न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये यांनी १९९९ मध्ये हे दुर्बिणीतून करायला सुरुवात केली. पण अतिप्रचंड वजनाच्या रुग्णांना इतकं लांब ऑपरेशन झेपेना, जीव जायचा धोका मोठा. म्हणून ठरलं की दोन हप्त्यांत करायचं. पहिल्या हप्त्यात फक्त बाही, थोडं वजन उतरलं की सहा-आठ महिन्यांनी उरलेलं.

पहिला हप्ता झालेले काही जण दुसऱ्यासाठी आलेच नाहीत. त्यांचं वजन तेवढ्यावरच बरंच उतरलं होतं. असं अर्ध्यावर सोडलेलं ऑपरेशन आज जगात सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन आहे. अमेरिकेत २०११ मध्ये शंभरात १८ स्लीव्ह व्हायच्या, २०१९ मध्ये ५९.

कारणं उघड आहेत. जठराचा साधारण पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात, आतड्याला हात लावत नाहीत, वेळ कमी लागतो, शिकायला सोपं. योगायोग असा की १९९९ मध्येच जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं, आणि ते मुख्यतः जठराच्या ज्या फुगीर भागात तयार होतं तोच भाग स्लीव्हमध्ये जातो. म्हणजे नुसती पिशवी लहान होत नाही, भूकच मंदावते. पण कापून बादलीत टाकलेलं जठर परत बसवता येत नाही, हे शिबिरात जरा जोरात सांगितलं पाहिजे. बँड काढता येतो, बायपास वेळप्रसंगी उलटा फिरवता येतो (सोपं नाही, पण येतं), स्लीव्ह नाही.

मग बायपास की स्लीव्ह? यावर फिनलंड आणि स्वित्झर्लंड या दोन देशांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची विभागणी करून अभ्यास झाले आणि २०१८ मध्ये दोन्हींचे पाच वर्षांचे निकाल एकदमच आले. फिनलंडमध्ये २४० रुग्ण. जादा वजनापैकी स्लीव्हने ४९ टक्के गेलं, बायपासने ५७. स्वित्झर्लंडमध्ये ६१ आणि ६८. म्हणजे बायपास थोडा पुढे, पण जमीन-अस्मानाचा फरक नाही. इथेच थांबलं असतं तर सोपं स्लीव्ह जिंकलं असतं. पण फिनलंडच्या मंडळींनी दहा वर्षांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि घशातून दुर्बीण घालून पाहिलं. स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली होती, बायपासवाल्यांत ७ टक्के. ज्याला आधीपासूनच रोज छातीत जळजळ होते, रात्री आंबट पाणी वर येतं, त्याने सर्जनला हे पहिल्याच भेटीत सांगावं. निवड बदलू शकते.

दुसरा मोठा मुद्दा साखरेचा. नॉर्थ कॅरोलायनाचे वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये ६०८ बायपास रुग्णांची चौदा वर्षांची हकीकत मांडली. त्यातल्या मधुमेहींपैकी ८३ टक्के लोकांची साखर नॉर्मल झाली होती, आणि अनेकांची वजन उतरायच्या आधीच, ऑपरेशननंतर काही दिवसांत. अन्न आतड्याच्या वेगळ्या वाटेने गेलं की संप्रेरकांचा खेळच बदलतो, हे तिथून कळायला लागलं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त भावतो. चौदा वर्षांत पोरीस यांच्या नजरेतून सुटलेले रुग्ण तीन टक्क्यांच्या आत. हे आपल्याकडे किती सेंटर्सना छातीठोकपणे सांगता येईल? अर्थात ८३ हा आकडाही जपून घ्यावा. क्लीव्हलँडच्या १५० मधुमेहींच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर साखर पूर्ण आटोक्यात राहिलेले लोक बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ आणि नुसत्या औषधावर ५ टक्के. मधुमेह कायमचा बरा होतो असं ज्या फ्लेक्सवर लिहिलंय, त्याच्यासमोर हे तीन आकडे ठेवा. दुसऱ्या बाजूने, ‘ऑपरेशनने काही होत नाही, चालायला जा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांसमोरही ठेवा.

आता आपल्याकडचं. भारतात हे सगळं खऱ्या अर्थाने वाढलं ते २००० नंतर. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि लपवली नाही. अरुण जेटलींनी २०१४ मध्ये दिल्लीत, मधुमेहासाठी. त्यामुळे मध्यमवर्गात एक संकोच गेला. २०१७ मध्ये इजिप्तहून साधारण पाचशे किलोची म्हणून सांगितली गेलेली एक महिला विमानाने मुंबईत आणली गेली, स्लीव्ह झाली, चॅनेलवाल्यांनी रोज किलोचा आकडा चालवला. नंतर कुटुंब आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला, तिला अबूधाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. आम्ही माध्यमांनी त्यात क्रिकेटच्या स्कोअरसारखं वार्तांकन केलं, हे इथे लिहून ठेवतो.

भारतात आणखी एक ऑपरेशन खूप चालतं, मिनी बायपास. अमेरिकेच्या रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलं. जठराची लांब नळी आणि आतड्याला एकच जोड. वाचकांच्या लक्षात आलं असेल, हा तर मेसन यांचा १९६६ चा वेढा परत आला! म्हणूनच अमेरिकेतले सर्जन बरीच वर्षं पित्त उलटं येण्याच्या भीतीने याला नाकं मुरडत होते. समर्थक म्हणतात की नळी लांब असल्यामुळे तो त्रास कमी. वजन आणि साखर दोन्ही यात छान उतरतात. फ्रान्समध्ये रू-एन-वायशी तुलना होऊन २०१९ मध्ये निकाल आला. वजनात मिनी बायपास अजिबात मागे नव्हता, पण त्यात २०० सेंटिमीटर आतडं वगळलेलं होतं आणि जुलाब व पोषणाच्या तक्रारी जास्त आल्या. म्हणून बरेच सर्जन आता कमी, दीडशे सेंटिमीटरच्या आसपास, वगळतात.

‘मिनी’ नावावर जाऊ नका. इथे आपल्या ताटाचा प्रश्न येतो. डाळ-भात, पोळी-भाजी खाणारा, अंडंही न खाणारा माणूस, ज्याचं बी-१२ आधीच तळाला आहे, ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच नऊ आहे, तिच्या आतड्यातून आणखी शोषण कमी करायचं म्हणजे जन्मभराचा पहारा बसवावा लागतो. प्रथिनं, लोह, बी-१२, कॅल्शियम, डी. हे सगळं गोळी-इंजेक्शनने भरता येतं, पण रोज आणि कायम. शाकाहारी माणसाने ‘माझं किती सेंटिमीटर आतडं वगळणार’ हे सर्जनला जरूर विचारावं. प्रश्न वेडगळ नाही.

गावाकडच्या आणखी दोन सवयी. एक, अंग दुखलं की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळी. बायपासनंतर ब्रुफेन, डायक्लो अशा गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतात, ते फुटूही शकतात. मेडिकलवाल्याला तुमचं ऑपरेशन माहीत नसतं. दुसरी, तंबाखू, विडी-सिगारेट. तिनेही तोच जोड सडतो. आणि दारू. बायपासनंतर थोडी घेतली तरी पटकन आणि जास्त चढते, आणि अमेरिकेतल्या पाहणीत ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षापासून दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

ऑपरेशन स्वतः किती धोक्याचं? २००९ मध्ये अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या नोंदीत पहिल्या तीस दिवसांत मृत्यू ०.३ टक्के. म्हणजे चांगल्या सेंटरमध्ये पहिला महिना बराच सुरक्षित. मला काळजी वाटते ती पहिल्या महिन्याची नाही.

आता पैशाचं. २०१९ मध्ये विमा नियामकाने आरोग्य विम्यातली वगळण्याची कलमं ठरवून दिली आणि त्यात या ऑपरेशनला वाट मिळाली. बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत गंभीर आजार. हे आकडे कुठून आले? १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ठरवलेले हेच आकडे. पण भारतीय माणसाच्या पोटावर कमी वजनातच चरबी साचते, साखर लवकर लागते, म्हणून २००९ मध्ये आपल्याच तज्ज्ञांनी ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५ ही मर्यादा सुचवली होती. २०२२ मध्ये तर अमेरिकन आणि जागतिक संघटनांनी १९९१ चा निकष मोडीत काढून ३५ आणि ३० केला, आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करा म्हणाले. व्यवहारात बघा. १६० सेंटिमीटर उंचीची, साखर आटोक्यात नसलेली, ८५ किलोची बाई. तिचा बीएमआय ३३. आपल्या तज्ज्ञांच्या हिशोबाने ती पात्र. विम्याच्या हिशोबाने तिला आणखी पाच किलो वाढवावे लागतील! जिथे उगम झाला तिथे जो आकडा रद्द झाला, तो आपल्या पॉलिसीत बसलाय. लोकप्रतिनिधींनी विचारायला हरकत नाही.

आणि विमा मिळाला तरी तो ऑपरेशनचा आणि खाटेचा. साध्या पॉलिसीत नंतरच्या गोळ्या, दरवर्षीच्या रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञाची फी, शहरात जाण्या-येण्याचं भाडं यातलं काही नसतं. पहिल्या वर्षी माणूस उत्साहाने जातो. दुसऱ्या वर्षी सोयाबीन काढणी असते, तिसऱ्या वर्षी मुलीचं ॲडमिशन. वजन तर उतरलंय, कशाला जायचं? ब्रसेल्सचे ६९ जण असेच हरवले असतील.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली आणि आता ऑपरेशनची गरज संपली अशी चर्चा सुरू झाली. असेलही. बंद केल्यावर वजन परत वाढतं हे अभ्यासांत दिसलंय, बाकी हिशोब व्हायचाय. तो स्वतंत्र विषय, पुन्हा कधीतरी.

शिबिराला जाणाऱ्यांनी निदान एवढं विचारून या: तुम्ही माझ्यासाठी हेच ऑपरेशन का निवडता आणि दुसरं का नाही? पाच वर्षांपूर्वीच्या तुमच्या शंभर रुग्णांपैकी आज किती संपर्कात आहेत? रात्री उलट्या सुरू झाल्या तर आमच्या तालुक्यात मी कुणाकडे जायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या, नाव आणि नंबरसकट.

आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय, पण दोन-तीन वर्षांत तपासणी झाली नाही, त्यांनी जवळच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन एवढं तरी करून डॉक्टरांना दाखवा. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, केस मुठीने गळणं, पायावर सूज हे ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नका. सतत उलट्या होत असतील तर दोन-चार दिवससुद्धा थांबू नका. बी-१ संपलं की मेंदूवर परिणाम होतो, आणि सलाईन लावताना आधी थायमिन द्यायचं असतं हे डॉक्टरांना लक्षात यावं म्हणून ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय’ हे दारातच सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

अनुभव असतील तर खाली लिहा, कोणतं ऑपरेशन आणि किती वर्षं झाली तेही लिहा. कृपया डॉक्टरांची आणि हॉस्पिटलची नावं कमेंटमध्ये टाकू नका.